हबक्कूक: एका बैठकीला एकच वचन. असा कोणी वाचला आहे का?

सईची_आई

नमस्कार मंडळी. धार्मिक विषयावर धागा काढायला जरा कचरतेच, पण इथे सगळ्या प्रकारचे वाचणारे आहेत म्हणून विचारते.

आमच्या चर्चच्या महिला मंडळात बायबल अभ्यास चालतो. सध्या हबक्कूक घेतला आहे. जुन्या करारातला छोटा संदेष्टा, अध्याय तीन, वचने सगळी मिळून 56. पद्धत अशी की एका बैठकीला एकच वचन, फार तर दोन. वचन मोठ्याने वाचायचं, मग प्रत्येकीने वहीत लिहायचं: कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, काय मागतंय. मग थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. नंतर चर्चा, प्रार्थना, चहा.

अडचण अशी की निम्म्या जणी 'आजचं वचन' न्यायला येतात. फ्रिजवर चिकटवता येईल असं काहीतरी. आणि हबक्कूक सुरुवातच भांडणाने करतो. किती वेळ हाका मारू, तू ऐकत का नाहीस? जुलूम जुलूम म्हणून ओरडतोय, तू सोडवत का नाहीस? नियमशास्त्र ढिलं पडलंय, न्याय वाकडा होऊन बाहेर पडतोय. चौथ्या वचनापर्यंत हेच. एक काकू म्हणाल्या, "यात घरी न्यायला काय आहे गं?"

आमच्या पाळकसाहेबांचं मत, इतकं संथ वाचू नका, अख्खा अध्याय एकदम घ्या, नाहीतर बायका कंटाळतील. माझं मत उलट आहे. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटचं "तरी मी आनंद करीन" सगळ्यांना पाठ असतं. पण तिथपर्यंत हा माणूस कुठून चालत आला ते कोणी बघत नाही. तक्रारीत नीट बसल्याशिवाय ते गाणं फुकटचं वाटतं.

तुम्ही काय म्हणता? कुठल्याही धर्मग्रंथाचा असा एकेक ओळ घेऊन अभ्यास केलेल्यांचे अनुभवही चालतील.

दवबिंदू

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

लिंबूटिंबू

56 वचनं, बैठकीला एक. महिला मंडळ आठवड्यातून एकदा भरत असेल तर वर्षभराचा चहा नक्की झाला. पाळकसाहेबांची काळजी बहुधा साखरेची असेल.

निनवेकर

सईची_आई, पाचव्या वचनापर्यंत पोचलात का? खरी मजा तिथे आहे.

1:5 (पहिला अध्याय, पाचवं वचन) चा अर्थ साधारण असा: राष्ट्रांकडे पाहा, थक्क व्हा, तुमच्या दिवसांत मी असं काम करतोय की कोणी सांगितलं तरी तुम्हाला पटणार नाही. हे वचन मी कॅलेंडरवर पाहिलंय, नवीन वर्षाच्या शुभेच्छांत पाहिलंय, आणि आमच्या नात्यातल्या एका घरभरणीच्या प्रार्थनेच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलेलं पाहिलंय. 'देव तुमच्या आयुष्यात अद्भुत करणार आहे.'

आता सहावं वचन वाचा. ते काम म्हणजे खास्दी लोकांची स्वारी! कडवं, उतावळं राष्ट्र, स्वतःची नसलेली घरं बळकावायला पृथ्वीभर फिरणारं. आठव्यात चित्त्याहून चपळ घोडे, नवव्यात वाळूसारखे गोळा केलेले कैदी. दुसऱ्याची घरं बळकावणाऱ्यांची बातमी घरभरणीच्या पत्रिकेवर. मी जेवून गप घरी आलो.

नव्या करारात प्रेषित पौलाने हेच वचन पिसिदियाच्या अंत्युखियात यहुद्यांच्या सभास्थानात वापरलं (प्रेषितांची कृत्ये 13:41). तेही सावध करायला, आशीर्वाद म्हणून नव्हे. तेव्हा एकेक वचन घ्यायचं असेल तर जपून. सुटं काढलं की पाचवं वचन खोटं बोलायला लागतं.

सईची_आई

निनवेकर, आम्ही अजून चौथ्यावरच आहोत :) पुढच्या बैठकीला पाचवं. आता भीती वाटायला लागली.

पाटावरचापोर

बायबलचा ओ की ठो कळत नाही, तरी धागा वाचतोय. हा हबक्कूक कधीचा, कुठला? आणि खास्दी म्हणजे कोण? जरा संदर्भ द्या की राव.

खापरपणजोबा

पाटावरचापोर, थोडक्यात सांगतो.

खास्दी म्हणजे बाबेलचे राज्यकर्ते, आजच्या इराकच्या दक्षिणेकडचे. इ.स.पू. 612 मध्ये त्यांनी मेदी लोकांच्या साथीने अश्शूरची राजधानी निनवे पाडली. 605 मध्ये कर्कमीशला बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरच्या (इजिप्तच्या) सैन्याचा धुव्वा उडवला. हबक्कूकाचं यहूदा हे चिमुकलं राज्य मिसर आणि बाबेल या दोन जात्यांच्या मध्ये सापडलं. 597 मध्ये यरुशलेम शरण गेलं, 586 मध्ये मंदिरासकट बेचिराख झालं.

हबक्कूकाच्या पुस्तकात राजाचं नाव नाही, पण खास्दी नुकते उठताहेत असा सूर आहे, म्हणून बहुतेक अभ्यासक त्याला यहोयाकीम राजाच्या काळाच्या आसपास ठेवतात. योशीया हा सुधारक राजा 609 मध्ये मगिद्दोला मारला गेला, त्यानंतर हा यहोयाकीम गादीवर. मजुरांना वेठीला धरून, मजुरी न देता महाल बांधतो म्हणून यिर्मया संदेष्ट्याने याला झोडपलंय (यिर्मया 22). म्हणजे पहिल्या चार वचनांतला जुलूम परक्यांचा नाही, घरचाच आहे. देव उत्तर देतो की हो, बंदोबस्त करतो, बाबेलवाल्यांना पाठवतो. त्यावर संदेष्टा हादरतो. दुष्टाला शिक्षा करायला त्याच्याहून दुष्ट? 1:13 मध्ये तो हे देवाला तोंडावर विचारतो.

बाकीचे संदेष्टे बघा: नहूम निनवेला दरडावतो, आमोस शोमरोन शहराच्या श्रीमंतांना. हबक्कूक पहिला दीड अध्याय लोकांशी बोलतच नाही. तो देवाकडे दाद मागतो.

चष्मेबहाद्दर

माझा मूळ आक्षेप पद्धतीलाच आहे. वचनांचे आकडे संदेष्ट्याने घातलेले नाहीत. अध्याय पाडले ते 13 व्या शतकात, युरोपात. हिब्रू हस्तलिखितांत वाक्यांचे थांबे जुने आहेत हे मान्य, पण आकडे छापखान्याच्या काळात आले. हा माणूस कवी आहे. एक ओळ दुसरीला टेकून उभी असते. त्यातली एकच उचलायची आणि पाच मिनिटं डोळे मिटायचे, यातून जे सापडतं ते बहुतेक वेळा आपणच खिशातून आणलेलं असतं.

अख्खं पुस्तक मोठ्याने वाचायला एका बैठकीचा थोडाच भाग लागतो. आधी तेवढं करा.

दवबिंदू

चष्मेबहाद्दर, ज्ञानेश्वरीच्या बाबतीतही हेच म्हणाल का? आमच्याकडे आजोबा रोज मोजक्याच ओव्या घेऊन बसायचे. पुढची ओवी उघडायची घाई नसायची. पारायण वेगळं आणि हे वेगळं. दोन्हींची गरज असते.

माझ्या मते प्रश्न वेगाचा नाही, वहीत काय लिहिता त्याचा आहे. 'मला काय मिळालं' हे पहिल्या रकान्यात असेल तर घोटाळा होणार. सईची_आईंच्या वहीत पहिला रकाना 'कोण बोलतंय' आहे. हबक्कूकासाठी नेमका तोच हवा, कारण बोलणारा बदलत राहतो. 1:2 ते 4 संदेष्टा, 5 ते 11 देव, 12 पासून परत संदेष्टा, 2:2 पासून देव. हे न बघता वाचलं तर तक्रार देवाच्या तोंडी आणि धमकी भक्ताच्या तोंडी जाते.

वसईचा_मासा

दवबिंदूंशी सहमत. आणि निनवेकरांच्या घरभरणीला आमच्याकडचा नमुना जोडतो.

आम्ही कॅथलिक. मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात. हबक्कूक रविवारी एकदाच येतो, क वर्षाच्या सामान्य काळातल्या 27 व्या रविवारी. 2025 मध्ये तो 5 ऑक्टोबरला आला होता. वाचन काय आहे? 1:2-3, आणि तिथून थेट उडी 2:2-4 वर. तक्रार, लगेच "दर्शन लिहून ठेव, उशीर लागला तरी वाट पाहा", आणि मग नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. मधले खास्दी, घोडे, गळ, जाळं, सगळं गायब. ऐकणाऱ्याला वाटतं, देवाने पाठीवर हात फिरवला. प्रत्यक्षात पहिलं उत्तर ऐकून हा माणूस आणखीच बिथरलेला असतो!

म्हणून ताई, वगळू नका काही. संथच जा.

अवांतर: आमच्या बायबलात हबक्कूक आणखी एका ठिकाणी भेटतो. दानीएल, अध्याय 14. हे महाशय यहूदियात कालवण शिजवून, भाकरी कुस्करून शेतातल्या कापणीवाल्यांकडे निघालेत. देवदूत सांगतो, हे जेवण बाबेलला ने, सिंहांच्या गुहेत दानीएल आहे त्याला दे. हा म्हणतो, बाबेल मी पाहिलं नाही आणि गुहा कुठे ते ठाऊक नाही. देवदूत केसांना धरून उचलतो, बाबेलला पोचवतो आणि जेवण झाल्यावर परत आणून सोडतो. जगातला पहिला डबेवाला! रोममध्ये सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये बेर्निनीने हा प्रसंग संगमरवरात केलाय. समोरच्या कोनाड्यात दानीएल, इकडे हबक्कूक आणि त्याच्या केसांना धरलेला देवदूत.

लिंबूटिंबू

पत्ता माहीत नाही म्हणाला तरी डबा गरम पोचला. दंडवत.

निनवेकर

आम्हा प्रॉटेस्टंटांकडे तो अध्यायच नाही. उपाशी राहिलो.

अश्दोदकर

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, मूळ अलीबागकडचा, आता बरीच वर्षं इथे इस्राएलात. हबक्कूकावर मराठीत धागा बघून राहवलं नाही.

सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) सगळे नवीईम, म्हणजे संदेष्ट्यांची पुस्तकं, अथपासून इतिपर्यंत वाचत नाहीत. तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचून झाल्यावर संदेष्ट्यांतला ठरलेला तुकडा येतो, तो हफ्तारा. हबक्कूक येतो शाबूओत सणाच्या दुसऱ्या दिवशी: 2:20 पासून पुस्तकाच्या शेवटापर्यंत. "परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सर्व पृथ्वी त्याच्यासमोर स्तब्ध राहो" इथून सुरुवात. पण गंमत पाहा. दुसरा दिवस फक्त इस्राएलबाहेर पाळतात, इथे शाबूओत एकाच दिवसाचा. म्हणजे मुंबईत होतो तोवर हबक्कूक दर वर्षी कानांवर पडायचा, आणि ज्या देशात तो होऊन गेला तिथे आल्यावर तो हफ्ताऱ्यातून गेला. आता हौसेने घरी वाचतो.

एकेक वचन घेऊन वाचण्याबद्दल: आमच्याकडे राशी (11 व्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार) असेच चालतात, वचन, त्याखाली दोन ओळी टीप. 2:1 मध्ये संदेष्टा म्हणतो मी पहाऱ्यावर उभा राहीन. त्यावर राशी जुनी कथा देतात की हबक्कूकाने जमिनीवर वर्तुळ आखलं, आत उभा राहिला, आणि म्हणाला, दुष्टांना इतकी मोकळीक का याचं उत्तर मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही. तालमूदात (आमच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात) पावसासाठी वर्तुळ आखून बसणारा होनी येतो, तो हबक्कूकाचाच कित्ता गिरवतो.

देवाशी हुज्जत घालणं आमच्याकडे भक्तीच्या विरुद्ध मानत नाहीत. तुमच्या काकूंना सांगा, घरी न्यायला ते वर्तुळ आहे.

पाटावरचापोर

अश्दोदकर, हा प्रतिसाद भारी. विठोबाशी कडाकडा भांडणारे तुकोबा आठवले.

बांधावरून

तुकोबांनी 1630 चा दुष्काळ अंगावर झेललाय, पहिली बायको त्यात गेली. मग भांडले. ते भांडण ज्याचं त्यालाच शोभतं.

मी इथे एरवी शेतीच्या धाग्यांवर असतो. पण 3:17 ची गोष्ट निघणारच म्हणून आधीच लिहितो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचा हंगाम बुडाला, शेतात धान्य नाही, कोंडवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. ही यादी कवीने सजवलेली वाटते, पण ती शेतकऱ्याच्या हिशोबाची आहे. अंजीर नाही तर नाही, गोडाचं खाणं गेलं. द्राक्षं, जैतून गेले तर रस आणि तेल गेलं, हातातला पैसा गेला. धान्य गेलं म्हणजे ताट गेलं. शेवटी गुरं गेली की पुढच्या पेरणीलाही काही उरत नाही. एकेक दार बंद होत जातं. आमच्या भागात 1972 पाहिलेली माणसं हाच क्रम सांगतात.

आणि मग पुढचं वचन, तरी मी आनंद करीन. माफ करा, पण हे वचन व्यासपीठावरून दुष्काळी गावात ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. पगार चालू असलेल्या माणसाने गोठा रिकामा झालेल्याला आनंद करायला सांगू नये.

चष्मेबहाद्दर

बांधावरून +१. धर्माचं हे नेहमीचंच. पोट रिकामं, तरी टाळ्या वाजवा.

दवबिंदू

राग समजतो, पण वचन काय म्हणतं ते बघा. 'मी' आनंद करीन. 'तुम्ही करा' असं नाही. संदेष्टा कोणाला उपदेश करत नाहीये.

आणि इथे सईची_आईंची पद्धत कामाला येते. 17 च्या आधी 16 आहे, आणि ते कोणीच पत्रिकेवर छापत नाही. हे ऐकून माझं पोट ढवळलं, ओठ थरथरले, हाडांत कीड शिरली, पाय लटपटले. ज्याची ही अवस्था आहे तो माणूस पुढच्या श्वासात ती यादी वाचतो. शत्रू चालून येणार हे त्याला कळलंय, संकट टळलेलं नाही, पुस्तक संपेपर्यंत टळत नाही. 16 वर एक आख्खी बैठक घालवली तर 18 कोणाच्या तोंडावर फेकायची हिंमत होणार नाही.

बांधावरून

हे पटलं. सोळावं मी कधी ऐकलंच नव्हतं.

खापरपणजोबा

थोडं विषयाला धरून थोडं सोडून. हबक्कूकाचा वचनागणिक अभ्यास आपण पहिल्यांदा करत नाही आहोत. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत ज्या पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या, त्यांत हबक्कूकावरचं भाष्य होतं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं, तेरा स्तंभांचं. आज ते यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. पद्धत अगदी तीच, वचनाचा तुकडा द्यायचा आणि खाली 'याचा अर्थ असा'. देवाचं नाव आलं की ते जुन्या, प्राचीन हिब्रू वळणाने लिहिलेलं.

पण अर्थ काय लावलेत? हबक्कूकाचे खास्दी त्यांच्या लेखी 'कित्तीम', म्हणजे बहुधा रोमन. 1:16 मध्ये जुलमी राष्ट्र आपल्या जाळ्याला बळी अर्पण करतं असं आहे, तिथे भाष्यकार म्हणतो, हे लोक आपल्या निशाणांना बळी देतात आणि शस्त्रांची पूजा करतात. नीतिमान आणि दुष्ट दिसले की ते त्यांच्याच पंथाचे 'नीतिमत्तेचे गुरू' आणि त्यांचा वैरी 'दुष्ट याजक'. 2:2 वर तर स्पष्टच लिहिलंय की काळाचा शेवट कधी हे देवाने हबक्कूकाला कळवलं नाही, सगळी रहस्यं आमच्या गुरूला कळवली.

म्हणजे चष्मेबहाद्दर म्हणतात तो धोका जुनाच आहे. एकेका वचनात माणसं स्वतःलाच वाचत आलीत. आणि त्या भाष्यात पहिले दोनच अध्याय आहेत, तिसरा नाहीच. त्या लोकांनी धमक्यांचा अर्थ लावला, गाणं सोडलं. आपण गाणं पाठ करतो, धमक्या सोडतो.

चष्मेबहाद्दर

आता मीच ते भाष्य शोधून वाचणार. धागालेखिकेचे आभार.

निनवेकर

दुसऱ्या अध्यायातले पाच धिक्कार विसरू नका. सोडून द्यायचा मोह तिथेच होतो. दुसऱ्याच्या मालावर गबर होणारा, रक्तपातावर नगर वसवणारा, शेजाऱ्याला दारू पाजून उघडं पाडणारा. 2:17 मध्ये तर लबानोनावर आणि जनावरांवर केलेल्या अत्याचाराचा हिशोब मागितलाय. झाडं आणि जनावरंसुद्धा फिर्यादीत. 2:11 मध्ये अन्यायाने बांधलेल्या घराच्या भिंतीतला दगड ओरडतो आणि वरची तुळई त्याला ओ देते.

लिंबूटिंबू

आमच्या सोसायटीच्या भिंतीतून फक्त पाणी येतं. बिल्डरचं नाव अजून एकाही दगडाने घेतलं नाही.

वसईचा_मासा

सईची_आई, एक व्यवहारी सूचना. दर बैठकीच्या सुरुवातीला एकीने चालू अध्याय पूर्ण वाचावा, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावं. मग ठरलेलं एक वचन. चष्मेबहाद्दरांचा आक्षेपही मिटतो, तुमची गतीही राहते. आणि फ्रिजवाल्यांना 3:2 द्या: कोपात असतानाही दया आठव. ती मागणी आहे, आश्वासन नाही. त्यामुळे फ्रिजवरही बिघडत नाही.

सईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

परवा पाचवं वचन झालं. मासा, तुमची सूचना लगेच उचलली, आधी अख्खा अध्याय वाचला. पाचवं ऐकताना दोघी-तिघींचे चेहरे खुलले, सहावं आल्यावर उतरले. त्याच काकू म्हणाल्या, "मग मागितलंच कशाला यानं?" त्यावर जी चर्चा झाली ती आमच्या मंडळात आजवर झाली नव्हती. एकीने मुलाच्या नोकरीचं सांगितलं, एकीने घरातल्या कोर्टकज्ज्याचं. मागितलेल्याचं उत्तर नको त्या रूपात आलेल्या बऱ्याच निघाल्या. वर्तुळाची गोष्ट मुद्दाम राखून ठेवलीय, 2:1 ला सांगेन.

पाळकसाहेबांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले चालू द्या, पण नाताळात दोन बैठका गायनमंडळाला सोडा. 3:19 च्या शेवटी 'मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर' अशी सूचना आहे ना, ती गायनमंडळाने वाचलीय आणि तिसऱ्या अध्यायाला चाल लावायचं त्यांच्या मनात आहे. पेटी आणि तबला आहे, तंतुवाद्य म्हणून एक गिटारवाला मुलगा.

आता प्रश्न उरला पाच धिक्कारांचा. प्रत्येकी एकीने तयारी करायची ठरलंय. चार वाटले गेले. दारूवाला, 2:15, कोणी घ्यायला तयार नाही, कारण दोघींच्या घरात तो रोजचा विषय आहे. मी घेऊ की एखाद्या बाहेरच्या बाईंना बोलवू?

दवबिंदू

तुम्हीच घ्या. आणि पिणाऱ्याबद्दल बोलू नका, तो धिक्कार पाजणाऱ्यावर आहे. त्या दोघींना तेवढं ऐकूनच हायसं वाटेल.

बांधावरून

+१. आमच्या गावात बायकांनी बाटली आडवी केली तेव्हा हे वचन माहीत असतं तर फलकावर लिहिलं असतं.